स्तनाच्या गाठीची बायोप्सी कशी केली, यावर जनुकीय तपासणी किती अवलंबून असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कॅन्सरची जनुकीय तपासणी करायची म्हटलं की घरचे विचारतात: टेस्ट कोणती, लॅब कोणती, खर्च किती. गाठीतला तुकडा कसा काढला आणि काढल्यावर त्याचं काय केलं, हे सहसा कुणी विचारत नाही. मी पॅथॉलॉजीत काम करते आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. मशीन कितीही महागडं असो, हातात आलेल्या तुकड्यात जे उरलं आहे तेवढंच ते वाचू शकतं. म्हणून रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जनुकीय तपासणी म्हणजे नेमकी कोणती? प्रत्येक डॉक्टर वेगळंच नाव घेतात.

कारण तपासण्या खरोखरच वेगवेगळ्या आहेत. गाठीचं निदान झालं की आधी ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारी प्रथिनं) आणि हर-२ (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) बघतात. ही आयएचसी तपासणी पेशींमधली प्रथिनं दाखवते, जनुकं नव्हे. हर-२ चा निकाल अधांतरी आला (रिपोर्टवर २+ लिहिलेलं असतं) तर फिश करतात. त्यात हर-२ जनुकाच्या प्रती खरोखर वाढल्या आहेत का, हे मोजतात.

पुढचा गट आरएनएवरच्या तपासण्यांचा (कोणतं जनुक किती चालू आहे, हे आरएनएवरून कळतं). ऑन्कोटाइप डीएक्स २१ जनुकं बघते, मॅमाप्रिंट ७०. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये केमो खरंच लागेल का, हे ठरवायला त्या वापरतात. कॅन्सर पसरला असेल तर गाठीच्या डीएनएमध्ये पीआयके३सीए, ईएसआर१ अशा जनुकांतले बदल शोधतात, कारण त्या बदलांवर नेमकी औषधं आहेत. बीआरसीए (घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरशी संबंधित जनुकं) मात्र बहुतेक वेळा रक्तावर किंवा लाळेवर करतात. आई-वडिलांकडून आलेला दोष शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, त्यामुळे त्या तपासणीला बायोप्सीच्या पद्धतीने काही फरक पडत नाही. बाकी सगळ्यांना पडतो, आणि सगळ्यात जास्त आरएनएच्या तपासण्यांना.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. मग सरळ गाठच काढून तपासायला का देऊ नये?

ही भीती मी गावोगावच्या लोकांकडून ऐकते आणि तिच्यापायी होणारं नुकसानही बघते. सुईच्या वाटेवर मोजक्या पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी दिसतात, हे खरं आहे. पण सुईने बायोप्सी केली म्हणून आयुष्य कमी झालं, असं दिसलेलं नाही.

निदान न करता गाठ घाईने काढली तर मात्र खरी अडचण होते. कडा मोकळ्या राहत नाहीत (कापलेल्या कडेवर कॅन्सर उरतो), काखेतल्या गाठींचा विचार झालेला नसतो आणि दुसरं ऑपरेशन करावं लागतं. आधी केमो देऊन गाठ लहान करायची संधीही हातची जाते. छोट्या दवाखान्यात कुणी ‘भूल देऊन पटकन काढून टाकू’ म्हणालं, तर आधी ट्रू-कट (जाड सुईने तुकडा काढायची बायोप्सी) करा असा आग्रह धरा.

एफएनएसीत कॅन्सर आलाच आहे. मग परत जाड सुईने ट्रू-कट कशाला?

एफएनएसीत बारीक सुईने सुट्या पेशी ओढून घेतात. कॅन्सर आहे की नाही, हे त्यावरून पुष्कळदा कळतं. पण पेशींची मूळ रचना मोडलेली असते. कॅन्सर दुग्धनलिकेच्या आतच आहे की बाहेर पडून आजूबाजूच्या मांसात शिरला आहे, हे तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय स्लाइड बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये बुडवलेली असते. ईआर आणि हर-२ च्या तपासण्यांचे निकष फॉर्मालिन या टिकवणाऱ्या रसायनात ठेवलेल्या टिश्यूवर बसवलेले आहेत, त्यामुळे अशा स्लाइडवरच्या निकालावर उपचार ठरवणं धोक्याचं.

जनुकांच्या दृष्टीने मात्र एफएनएसी अगदी टाकाऊ नाही, हे सांगायलाच हवं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी २००३ साली बारीक सुई आणि जाड सुई यांच्या नमुन्यांची तुलना प्रसिद्ध केली. बारीक सुईच्या नमुन्यात सरासरी ८०% पेशी कॅन्सरच्या निघाल्या, १५% लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि जेमतेम ५% आधार देणाऱ्या ऊतीच्या. जाड सुईच्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी ५०%, लिम्फोसाइट २०% आणि आधार-ऊती ३०%. एका नमुन्यातून मिळालेलं आरएनए दोन्हीकडे साधारण सारखंच, दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास.

बारीक सुई सैल पेशी सहज ओढून घेते आणि तंतुमय भाग मागे राहतो. जाड सुई सगळं जसंच्या तसं कापून आणते. त्यामुळे गाठ तीच असली तरी जनुकांचं वाचन बदलतं: जाड सुईच्या नमुन्यात आधार-ऊतीच्या जनुकांचा आवाज मोठा येतो. दोन्ही नमुने खोटे नाहीत. फक्त जी तपासणी ज्या प्रकारच्या नमुन्यावर पारखून घेतली आहे, तिला तोच नमुना द्यायला हवा. आज उपचार ठरवणाऱ्या जवळजवळ सगळ्या तपासण्या फॉर्मालिन-मेणाच्या ब्लॉकवर (फॉर्मालिनमधून काढून मेणात बसवलेला तुकडा) पारखलेल्या आहेत, म्हणून ट्रू-कट.

ट्रू-कटमध्ये किती तुकडे घेतात? एक पुरत नाही का?

स्तनासाठी बहुधा १४ गेजची सुई वापरतात (गेजचा आकडा जितका लहान, तितकी सुई जाड). सोनोग्राफीत बघत बघत एकाच छोट्या छेदातून तीन-चार किंवा जास्त तुकडे घेतात. प्रत्येक तुकडा दोऱ्यासारखा बारीक आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो.

एका तुकड्यात निदान होऊन जाईल. पण त्याच ब्लॉकमधून नंतर ईआर, पीआर, हर-२, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारं प्रथिन), लागली तर फिश आणि शेवटी डीएनएची तपासणी करायची असते, आणि प्रत्येक वेळी मायक्रोटोम या कापायच्या यंत्रावर मेणाचे आणखी काप निघतात. ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला की पृष्ठभाग सरळ होईपर्यंतचे सुरुवातीचे काप वायाच जातात. तीनदा चढवला तर बारीक तुकड्यातला कॅन्सरचा भाग संपूनही जाऊ शकतो. पुढे जनुकीय तपासणी होणार हे आधीच माहीत असेल, तर चांगली लॅब एकाच बैठकीत जास्तीचे कोरे (न रंगवलेले) काप घेऊन ठेवते. फॉर्मवर ही एक ओळ लिहायला डॉक्टरांना जरूर सांगा.

व्हॅक्यूम बायोप्सी जास्त चांगली का?

यंत्राने ओढ देऊन तुकडे काढायची ही पद्धत प्रत्येकीला लागत नाही. मॅमोग्राफीत नुसते चुन्याचे बारीक ठिपके दिसत असतील आणि सोनोग्राफीत गाठ सापडत नसेल, तेव्हा ती उपयोगी पडते. सुई जाड, तुकडे मोठे, टिश्यू भरपूर. हाताला लागणारी गाठ असेल तर साधी ट्रू-कट पुरते. जास्तीच्या खर्चाचं ओझं घेऊ नका.

तुकडा काढल्यावर बाटलीत टाकला की झालं ना?

नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नमुने इथेच बिघडतात.

रक्तपुरवठा तुटला की पेशी लगेच मरत नाहीत. ऑक्सिजनविना त्या तडफडतात, काही जनुकं जोरात चालू होतात, काही बंद पडतात आणि आरएनए तुटायला लागतं. म्हणून अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या संघटनांनी मिळून घालून दिलेला, जगभर मानला जाणारा नियम आहे: तुकडा शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. फॉर्मालिनही साधं नको, १० टक्क्यांचं न्यूट्रल बफर्ड हवं. आकारमान टिश्यूच्या निदान दहापट.

बाहेरगावाहून कधीकधी जे पार्सल येतं ते असं असतं. अरुंद तोंडाची बाटली, तिच्यात अख्खी, न कापलेली लिंबाएवढी गाठ कोंबलेली, फॉर्मालिन जेमतेम तिच्या डोक्यापर्यंत. बाटलीवर नाव आहे, पण गाठ कधी काढली ती वेळ नाही. फॉर्मालिन आत झिरपतं ते साधारण तासाला एक मिलिमीटर. अशी गाठ मधोमध कापली की बाहेरची कड राखाडी आणि घट्ट झालेली असते, आतला भाग लालसर, मऊ, सुरीला चिकटणारा. कडेवर ईआर छान रंगतो आणि मधे येतच नाही. आतल्या भागातलं आरएनए तर गेलेलंच असतं. कधी तुकडा नुसत्या सलाईनमध्ये पाठवलेला असतो. तेव्हा आम्ही जे मिळतं त्यावर निदान देतो, पण जनुकीय तपासणीचा दरवाजा जवळपास बंद झालेला असतो.

उलट फार दिवस फॉर्मालिनमध्ये राहणंही वाईट. सुट्टी, सण, कुरिअर यात आठवडा गेला तर डीएनएचे तुकडे पडतात आणि सायटोसिन या अक्षराच्या जागी मशीनला थायमिन दिसायला लागतं. म्हणजे रिपोर्टमध्ये असे बदल उमटतात जे रुग्णाच्या गाठीत मुळी नव्हतेच. चांगली लॅब ते ओळखून गाळते, पण नमुन्यात डीएनए थोडंच असेल तर खरं-खोटं वेगळं करणं अवघड जातं.

ट्रू-कटचा तुकडा इथे ऑपरेशनच्या नमुन्यापेक्षा सरस ठरतो. तो सुईतून निघून मिनिटाभरात फॉर्मालिनमध्ये पडतो आणि इतका बारीक असतो की फॉर्मालिन लगेच आरपार जातं.

म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या मोठ्या गाठीपेक्षा सुईचा तुकडा जनुकीय तपासणीला बरा?

पुष्कळ वेळा हो, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ब्रिटनमधल्या पोएटिक नावाच्या मोठ्या चाचणीतून याचा ठळक पुरावा मिळाला. तिथे एका गटातल्या स्त्रियांना ऑपरेशनआधी दोन आठवडे हार्मोनविरोधी गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला काहीच औषध दिलं नाही. दोन्ही गटांचे निदानाच्या वेळचे आणि ऑपरेशनच्या वेळचे नमुने घेऊन जनुकं वाचली. औषधाच्या गटात फॉस, डीयूएसपी१ अशी जनुकं सगळ्यात जास्त बदललेली दिसली. पण ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यातही तीच जनुकं तशीच बदललेली निघाली. म्हणजे तो बदल औषधाचा नव्हता, नमुना घेण्याच्या आणि हाताळण्याच्या पद्धतीचा होता. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. तुलनेसाठी तो बिनऔषधाचा गट ठेवलेला नसता, तर ही जनुकं औषधाच्या खात्यावर लिहिली गेली असती.

तरी ऑपरेशनच्या नमुन्याला पर्याय नसतो अशाही गोष्टी आहेत. गाठीचा खरा आकार, काखेतल्या ग्रंथी, कडा हे सगळं तिथेच कळतं. गाठीत वेगवेगळे भाग असतील तर तेही मोठ्या नमुन्यातच दिसतात. ईआर आणि हर-२ दोन्ही नमुन्यांत बहुतेक वेळा जुळतात. पीआर आणि गाठीची ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा १ ते ३ दर्जा) जुळण्याचं प्रमाण कमी. सुईच्या तुकड्यात हर-२ निगेटिव्ह आला, पण ग्रेड तीन आहे किंवा तुकडा अगदीच किरकोळ होता, तर ऑपरेशनच्या नमुन्यावर तो परत करावा. ‘एकदा केलंय ना, परत पैसे कशाला’ असं इथे म्हणू नका. हर-२ पॉझिटिव्ह निघाला तर सगळा उपचार बदलतो.

ऑन्कोटाइपसाठी ब्लॉक पाठवायचाय. बायोप्सीचा की ऑपरेशनचा?

दोन्ही चालतात. ज्यात आक्रमक कॅन्सर भरपूर आहे आणि जो फॉर्मालिनमध्ये नीट फिक्स झाला (टिकवला गेला) आहे, तो ब्लॉक पॅथॉलॉजिस्टने निवडायचा.

एक गोष्ट मात्र बघायला हवी. ट्रू-कट झाल्यावर सुईच्या जागी जखम भरून यायला लागते. तिथे दाहाच्या पेशी जमतात, नवीन ऊती वेगाने वाढते. पुढे ऑपरेशनच्या नमुन्यात नेमका तोच भाग कापात आला, तर त्या भरभर वाढणाऱ्या, पण कॅन्सर नसलेल्या पेशींची जनुकंही मोजली जातात आणि धोक्याचा स्कोअर उगाच वर जाऊ शकतो. म्हणून लॅबमध्ये हा भाग कोरून बाजूला काढतात. ऑन्कोटाइपमध्ये वाढीशी संबंधित जनुकांना बरंच वजन आहे आणि स्कोअर ० ते १०० असतो. २०१८ च्या टेलरएक्स चाचणीने ११ ते २५ या मधल्या पट्ट्यातल्या, काखेत कॅन्सर न पसरलेल्या बहुतेक स्त्रियांना केमोशिवाय चालतं हे दाखवलं. पन्नाशीच्या आतल्यांसाठी मात्र या पट्ट्याच्या वरच्या भागात वेगळा विचार करतात. स्कोअर सीमेजवळ असेल आणि गाठीच्या बाकी लक्षणांशी जुळत नसेल, तर कोणता ब्लॉक गेला होता हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. जनुकीय तपासणी ऑपरेशननंतर केली तर चालेल?

थांबू नका. आपल्याकडे पुष्कळ बायका गाठ मोठी झाल्यावरच येतात, त्यामुळे केमो आधी देण्याची वेळ वारंवार येते. हर-२ पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) कॅन्सरमध्ये तर केमोनंतर गाठ पूर्ण विरघळूनही जाते. आनंदाचीच गोष्ट, पण मग ऑपरेशनच्या नमुन्यात तपासायला कॅन्सर उरत नाही. उरला तरी केमोतून वाचलेल्या पेशी मूळ गाठीचं चित्र दाखवत नाहीत. अशा रुग्णाच्या मूळ कॅन्सरची जगातली एकमेव खूण म्हणजे तो पहिल्या दिवशीचा ट्रू-कटचा ब्लॉक. चार वर्षांनी कॅन्सर उलटला तर डॉक्टर तोच मागतील.

म्हणून केमो आधी ठरली असेल, तर पहिल्याच वेळी तुकडे जास्त घ्यायला सांगा. गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिपही ठेवून घ्या, म्हणजे गाठ दिसेनाशी झाली तरी सर्जनला जागा सापडते. ऑपरेशनआधी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनविरोधी गोळ्या चालू केल्या असतील, तरी हेच लागू: गोळ्यांनी केआय-६७ खाली येतो, आणि मग ऑपरेशनच्या तुकड्यावरचा स्कोअर मूळ कॅन्सरचा राहत नाही.

रिपोर्टवर ‘ट्यूमर कंटेंट अपुरं’ आलंय. लॅबने पैसे घेऊन हात वर केले का?

लॅबने प्रामाणिकपणे सांगितलं आहे. तुकड्यात फक्त कॅन्सर नसतो. चरबी, रक्तवाहिन्या, पांढऱ्या पेशी सगळं असतं. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सरच्या पेशी किती टक्के आहेत ते ठरवते. डीएनएच्या बऱ्याच तपासण्यांना त्या किमान २०% लागतात. २०% असतील आणि बदल जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच असेल, तर मशीनला तो फक्त १०% वाचनांत दिसतो. याहून खाली गेलं की खरा बदल आणि मशीनची खरखर यांतला फरक पुसट होतो. मग ‘बदल नाही’ असा निकाल देणं म्हणजे रुग्णाची दिशाभूल.

एका पेशीत डीएनए असतं साधारण ६.६ पिकोग्रॅम. दहा नॅनोग्रॅम हवं असेल तरी दीडेक हजार पेशी लागतात, आणि फॉर्मालिनमधून गेलेल्या टिश्यूतलं सगळं डीएनए वाचण्याजोगं नसतं. असा निकाल आला तर दुसरा ब्लॉक आहे का ते विचारा. काखेतल्या ग्रंथीच्या ब्लॉकमध्ये कधीकधी कॅन्सर जास्त दाट असतो.

कॅन्सर हाडात परत आलाय. जुना ब्लॉक चालेल का, की हाडातून परत तुकडा काढायचा?

काय शोधायचं आहे त्यावर ठरतं. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह कॅन्सरमध्ये सुमारे ४०% रुग्णांत पीआयके३सीए बदललेलं असतं, आणि तो बदल बहुधा सुरुवातीपासूनचा असतो. त्यासाठी जुना ब्लॉक चालतो. या बदलावरचं अल्पेलिसिब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं. ईएसआर१ चं उलट. मूळ गाठीत तो बदल क्वचितच असतो. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल अशा गोळ्या घेता घेता नंतर उगवतो. त्यासाठी जुना ब्लॉक तपासणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय पसरलेल्या ठिकाणी ईआर आणि हर-२ बदललेले असू शकतात, म्हणून जमत असेल तर नवा तुकडा घ्यावाच.

हाडाचा तुकडा असेल तर एक काळजी घ्या. हाड कापता यावं म्हणून त्यातला चुना काढावा लागतो, आणि झटपट काम व्हावं म्हणून पुष्कळ ठिकाणी तीव्र आम्ल वापरतात. त्यात डीएनए नष्ट होतं, फिशही लागत नाही. ईडीटीए हे सौम्य रसायन वापरलं तर वेळ जास्त लागतो, पण डीएनए टिकतं. ‘जनुकीय तपासणी करायची आहे, ईडीटीए वापरा’ हे फॉर्मवर तुकडा लॅबमध्ये पोचण्याआधी लिहिलेलं असलं पाहिजे. लिव्हर किंवा काखेतल्या ग्रंथीतून तुकडा मिळत असेल, तर हाडापेक्षा ते बरं.

रक्तातून लिक्विड बायोप्सी होते म्हणे. मग सुईचा त्रासच नको.

पसरलेल्या कॅन्सरमध्ये तिचा खरा उपयोग आहे, विशेषतः ईएसआर१ शोधायला. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एलासेस्ट्रँट या औषधासाठी रक्तावरचीच तपासणी मान्य केली आहे. पण रक्तात कॅन्सरचं डीएनए उतरलंच नसेल तर निकाल निगेटिव्ह येतो आणि त्यावर विसंबता येत नाही. पीआयके३सीए रक्तात सापडलं नाही तर टिश्यूवर बघायचं, असा नियमच आहे. वयस्कर माणसांच्या रक्तपेशींत वयामुळे झालेले काही बदलही यात दिसतात, आणि ते कॅन्सरचे समजले जाऊ शकतात.

रक्त कुठल्या नळीत घेतलं, यालाही महत्त्व आहे. साध्या ईडीटीए नळीतल्या रक्तातून प्लाझ्मा (पेशींखेरीजचा द्रव) काही तासांत वेगळा केला नाही तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचं डीएनए मिसळतं. मुंबई-पुण्याबाहेरून पाठवायचं असेल तर त्यासाठीच्या खास नळ्या लॅबकडून मागवून घ्या. आणि पहिलं निदान, आयएचसी, ऑन्कोटाइप यातलं काहीही रक्तावर होत नाही.

आमचा ब्लॉक कुठे आहे हेच माहीत नाही.

ज्या लॅबने पहिला हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट दिला, तिच्याकडे. रिपोर्टवरचा नंबर सांगून अर्ज केला की मिळतो. लॅब ब्लॉक बरीच वर्षं ठेवतात, कायमचे नाही, म्हणून उपचार संपल्यावरही रिपोर्ट जपून ठेवा. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. आणि नुसत्या रंगवलेल्या स्लाइड आणून भागत नाही, ब्लॉकच लागतो. कोरे काप आणले असतील तर ते सहा आठवड्यांच्या आतले असावेत. जुन्या कापांवर ईआर फिका पडतो.

आईच्या गाठीच्या तपासणीत बीआरसीए बदल आलाय. मला आणि मावशीला धोका आहे का?

गाठीवरच्या रिपोर्टवरून ते ठरत नाही. बदल फक्त गाठीतला असू शकतो किंवा जन्मजात असू शकतो. आधी आईची रक्तावर तपासणी करून घ्यायची. रक्तातही तोच बदल निघाला, तर तुम्ही, मावशी, मामा, भाऊ प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी, आणि पुरुषांकडूनही तो पुढच्या पिढीत जातो. तेव्हा घरातल्यांची तपासणी फक्त त्या एका बदलापुरती करावी लागते, खर्चही कमी येतो. त्याआधी जेनेटिक समुपदेशकाला भेटा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. जाताना आईचा गाठीचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट आणि दोन्हीकडच्या घराण्यांत कुणाला, कितव्या वर्षी, कुठला कॅन्सर झाला होता याची यादी सोबत न्या. स्तनाबरोबर अंडाशय, प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाचे कॅन्सरही त्या यादीत लिहा.